समुद्रातला निम्मा वाटा

मी एका मोठ्या तेल कंपनीच्या पुण्यातल्या ऑफिसात काम करते. दुसऱ्यांच्या समुद्रातल्या विहिरीत आपण वाटा घ्यावा की नाही, एवढंच सांगण्याचा मला पगार मिळतो. लातूरला घरी हे मी किती वेळा समजावलं असेल कोण जाणे. आई शेजारणींना सांगते, "पोरगी समुद्रात बोअर मारती." अण्णा, म्हणजे माझे वडील, जनावरांच्या दवाखान्यातून रिटायर झालेले, ते लगेच दुरुस्त करतात, "मारत न्हाई. मारावा का न्हाई, ते बघती." अण्णांचं बरोबर आहे. पण आईचं ऐकायला जास्त छान वाटतं, म्हणून मी तिला कधी अडवत नाही.

काम असं असतं. एखाद्या कंपनीनं सरकारकडून समुद्राचा एक तुकडा शोधासाठी घेतलेला असतो. खोल पाण्यात विहीर खणणं इतकं महागडं, की कितीही बडी कंपनी असली तरी एकटीनं उडी मारायला कचरते. मग ती दुसऱ्यांना बोलावते: या, आमची माहिती बघा, पटलं तर निम्मा वाटा घ्या. आम्ही जाऊन बघतो. जहाजानं पाण्यात सोडलेला आवाज तळाखालच्या थरांवर आपटून परत येतो, आणि त्यावरून जमिनीच्या पोटाचं चित्र तयार होतं. त्या चित्रात आम्ही शोधतो तो तेल शिजवणारा जुना चिखल, तेल साठवणारी वाळू आणि वर घट्ट झाकण. झाकणही तेल यायच्या आधी बसलेलं हवं, नाहीतर सगळं मुसळ केरात. तेल लागण्याची आशा किती, लागलं तर पुरेसं असेल का, नाही लागलं तर तो फटका सोसेल का, आणि हाच पैसा दुसरीकडे जास्त कामाला येईल का, एवढ्यातून तावून सुलाखून प्रस्ताव वर जातो. बहुतेक प्रस्ताव वाटेतच मरतात. माझे तर तोवर सगळेच मेले होते.

आणि मग हा आला. पडद्यावर चित्र उघडलं आणि मी खुर्चीतून उठूनच उभी राहिले. पालथ्या घातलेल्या परातीसारखा मोठा फुगवटा, त्याच्या पोटात वाळू, वर एकही भेग नसलेलं झाकण. जेवायचं विसरले. त्या आठवड्यात मी लिफ्टमध्ये भेटेल त्याला परातीबद्दल सांगत होते, सिक्युरिटीवाल्या काकांनासुद्धा. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, तशी माझी गत झाली होती आणि मला त्याची जराही लाज वाटत नव्हती.

आमच्याकडे प्रत्येक प्रस्तावाला एक ठरवलेला विरोधक असतो. खोट काढणं हेच त्याचं काम. माझ्या वाट्याला आले होते आमचे एक सीनियर सर, मूळचे बिलोलीकडचे. बोलणं गोड आणि प्रश्न तिखट. माझे आधीचे प्रस्ताव यांच्याच हातून मेले होते. या खेपेला वाळू, झाकण, सगळ्यावर त्यांनी मला पिंजून काढलं आणि मी पुरून उरले. मग शेवटच्या मीटिंगच्या आधीच्या शुक्रवारी त्यांचा फोन आला. मी तेव्हा सुट्टीला लातूरला पोचले होते आणि मीटिंगला घरूनच बसणार होते.

"चीज एवढी चांगली हाय, तर ते वाटा इकून का राहिले?" सरांनी विचारलं.

"सर, निम्मा स्वतःकडे ठेवतायत की. विश्वास नसता तर सगळाच फुंकून टाकला असता."

"बरं. आणि पहिल्या विहिरीचा खर्च?"

मी माझी स्लाइड उघडली. पहिल्या विहिरीचा सगळा खर्च आम्ही करायचा, त्यांच्या निम्म्याचासुद्धा, असं त्या प्रस्तावात चक्क लिहिलेलं होतं. माझ्याच स्लाइडवर होतं. अशा सौद्यात हे चालतंही. पण विहीर कोरडी निघाली तर त्यांचं काही जात नव्हतं, आणि मी मात्र त्यांच्या निम्म्याला विश्वासाचा पुरावा मानून बसले होते.

हे असं का झालं, ते मला माहीत आहे. आमच्या भागात जनावर निम्म्यानं सांभाळायला देतात. मालक कालवड देतो, सांभाळणारा वैरण-पाणी बघतो, आणि मोठी झाल्यावर तिच्या किमतीत दोघांचा निम्मा-निम्मा वाटा. माझी देवणीची आत्या आयुष्यभर अशी जनावरं वाढवत आली. ज्याच्याशी निम्म्याचा व्यवहार, तो आमच्या घरी लग्नाला येतो, दुखल्या-खुपल्याला येतो. 'निम्मा' म्हटलं की माझ्या मनात माणूस आपला होऊन जातो. हा शब्द मी समुद्रातल्या सौद्यातही तसाच घेऊन गेले होते. पुण्या-मुंबईच्या कुठल्याच पोरानं ही चूक केली नसती.

फोन ठेवला तेव्हा मला रडू आलं. माझी परात हातची जाणार, हे मला दिसत होतं.

रविवारी अण्णांनी जबरदस्तीनं गाडीत बसवलं. आत्याकडची निम्म्याची कालवड गाभण होती, ती बघायला ते देवणीला निघाले होते. आम्ही पोचलो आणि पाठोपाठ कालवडीचे मालकही आले. उदगीरला त्यांचं शिलाईचं दुकान आहे, सगळे त्यांना चाचा म्हणतात. मोटारसायकलवर मागं सरकी पेंडेचं पोतं बांधलेलं.

"हे कशाला आणलं चाचा?" आत्या फणकारली. "वैरण-पेंड माझ्याकडं ठरलेली हाय ना?"

"ठरलंय खरं," चाचा दोरी सोडत म्हणाले. "पन निम्मी माझी हाय. पोटात वासरू हाय तिच्या. म्हनून आणलं."

गोठ्यात शेजारी निम्म्याचीच आणखी एक गाय होती. तिचा मालक दिल्यापासून एकदाही फिरकला नव्हता. वाटा दोघांचाही सारखाच. मी पोत्याकडे बघत राहिले आणि एकदम लक्षात आलं. त्या कंपनीनं वाटा किती ठेवलाय हे मी बघत बसले होते. त्या वाट्यासाठी त्यांनी पदरचं काही घालावं, हे मी मागितलंच नव्हतं. आणि मागता तर येत होतं! अण्णांना म्हटलं, आत्ताच्या आत्ता लातूरला चला. ते म्हणाले, "भाकरी तर खाऊ दे." खाऊ दिली, पण माझी मी उभ्यानंच खाल्ली.

सोमवारी सकाळी मी वरच्या खोलीत लॅपटॉप उघडून बसले. लाइट जाणार म्हणून अण्णांनी इन्व्हर्टरजवळ स्टूल टाकून पहारा दिला. खाली क्लासला निघालेल्या पोरांचा गोंगाट चालू होता आणि पडद्यावर कंपनीची बडी माणसं एकेक करून येत होती. भीती होतीच, पण मजाही वाटत होती, खोटं कशाला बोलू.

परात दाखवली. सगळ्यांचे चेहरे जरा पुढे सरकले, ते मला दिसलं. मग मी म्हणाले, वाटा घ्यावा, पण एका अटीवर. पहिल्या विहिरीत त्यांनी त्यांच्या निम्म्याचा खर्च स्वतः करायचा.

"आणि नाही म्हणाले तर?" मुख्य बाईंनी विचारलं.

परातीचं चित्र मी झोपेतही बघत होते. माझ्या हातून वर गेलेला हा पहिलाच प्रस्ताव होता, दुसरा कधी येईल याचा भरवसा नव्हता.

"मग नको," मी म्हणाले.

बाईंनी कळवते म्हणून मीटिंग संपवली. पुढचे दिवस मी घरात अशी फिरत होते की आईनं मला तुरीच्या शेंगा सोलायला बसवलं, आणि मी दाणे टरफलांत टाकले.

गुरुवारी दुपारी सरांचा फोन आला. "ते आपला खर्च आपण करायला तयार झाले. आपली कंपनी वाटा घेऊन राहिली."

मी विचारलं, "सर, तुम्ही तर विरोधात होतात ना?"

"होतो की. परातीवर तुझा लई जीव, म्हणून तुझ्या कुठल्याच आकड्यावर माझा भरवसा न्हवता. तू 'मग नको' म्हणालीस, तवा बसला. मी तिथंच हो केलं."

फोन खाली ठेवला आणि मी स्वयंपाकघरात जाऊन आईला धरून गरागरा फिरवलं. तिच्या हाताला पीठ होतं, ते माझ्या केसांना लागलं.

"निघालं का तेल?" आईनं विचारलं.

"अगं, अजून विहीरसुद्धा खणली नाही. आणि खणली तरी कोरडी निघायचीच भीती जास्त."

"मग एवढी नाचून कशाला राहिली?"

"ते खणणार आहेत, आई," मी म्हणाले, "मी हो म्हटलं तिथं."