भरून दाखव

"रिकामी नको दाखवू. भरून दाखव."

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार कुणाचे, असं विचारलं तर मी वालीवच्या टायरवाल्या काकांचं नाव घेतो, आणि काका आठवले की आधी हे वाक्य ऐकू येतं. आईवडिलांना याचं वाईट वाटत नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेज पाहिलं नव्हतं. मला बी.ए. केलं ते काकांनी, हे तेसुद्धा पाहुण्यांना सांगतात.

तुम्हीही त्या गाड्या पाहिल्या असतील. बोळिंजच्या सोसायट्यांतून निघतात, स्प्रिंगा कापून खाली बसवलेल्या, मोठाली चकचकीत मॅगव्हील लावलेल्या. गतिरोधक आला की खेकड्यासारख्या तिरक्या चढतात. त्या गाड्यांची पोरं काकांकडे येत आणि सगळ्यांची मागणी एकच असे. चाक मोठं हवं, गाडी खाली हवी, आणि चाक नि मडगार्ड यांच्यात फट दिसता कामा नये.

काका अर्नाळ्याचे कोळी. तरुणपणी होडीवर होते, पुढे टायरच्या धंद्यात आले. गाडीकडे ते होडीसारखंच बघत. किनाऱ्यावर ओढून ठेवलेली होडी बघून काय कळतं? जाळी, बर्फ, माणसं चढू देत, मग बघू. त्यामुळे नवा टायर चढवला की ते गाडी लगेच सोडत नसत. आधी आत माणसं बसवत. गिऱ्हाईक, त्याचे मित्र, शेजारचा वेल्डर, पाटी घेऊन चाललेली मासळीवाली, हाताला लागेल तो.

"ए मावशे, बस जरा गाडीत."

"मेल्या, मला कुठं नेतो या वयात?"

"कुठं नाय नेत. तुझं वजन पायजे."

सगळा रस्ता हसायचा. मावशी हसत हसत बसायची, पाटी मांडीवर घेऊन. मग काका जमिनीवर आडवे होत, टायरच्या वरून मडगार्डखाली हात घालत आणि बोटांनी फट बघत. दोन बोटं सहज गेली तर गाडी जाणार. नाहीतर टायर उतरणार, मग गिऱ्हाईक कितीही चिडो.

मी वाडा तालुक्यातल्या एका पाड्यावरून कॉलेजसाठी आलो होतो. आमच्या गावचा एक जण काकांच्या दुकानाशेजारी वेल्डिंग करायचा, त्याच्या खोलीवर उतरलो. काकांनी मला पाहिलं आणि पहिलाच प्रश्न केला, "वजन किती?"

"पंचावन्न."

"कमी हाय. पन चालंल. बस."

अशी मला नोकरी लागली. सकाळी कॉलेज आणि दुपारनंतर लोकांच्या गाड्यांत बसणं. राहणं दुकानाच्या माळ्यावर, जेवण काकींच्या डब्यातून. काकी डबा आणायच्या तेव्हा त्यांनाही बसावं लागे. "लग्न केलंस ते वजनाला का रे?" असं त्या विचारायच्या, आणि काका गाडीखालूनच "हां" म्हणायचे.

एकदा काकांचा हात फटीत असताना आतल्या एकाला फोन आला आणि तो जागेवर वळला. गाडी जरा दबली. काकांच्या मधल्या बोटाचं नख तेव्हापासून चपटं झालं. त्यानंतर त्यांनी मला सांगितलं, "तू पुस्तक मोठ्यानं वाच. तुझा आवाज एका जागेवरून आला, की मला कळंल कोन हललं नाय." तेव्हापासून मी त्यांचा मास्तर झालो. मधूनच खालून विचारायचे, "मास्तर, हायस ना?" मी म्हणायचो, "आहे, काका," आणि पुढे वाचायचो.

माझा इतिहासाचा सगळा अभ्यास असा लोकांच्या गाड्यांतल्या मागच्या सीटवर झाला. काकांना वाचता येत नव्हतं, पण ऐकायला फार आवडायचं. रशियावर चालून गेलेल्या फ्रेंच बादशहाची हकिगत वाचत होतो. खालून आवाज आला, "माणसं किती नेली?" मी सांगितलं. "आनि खायला?" मी पुस्तकात बघून सांगितलं. काकांनी फटीतून हात बाहेर काढला. मग म्हणाले, "मेला. भरून नाय बघितलं त्यानं."

पदवीचा निकाल लागला त्या दिवशी त्यांनी पेढे वाटले, आणि एका पोराच्या गाडीत मला बसवून म्हणाले, "आता बी.ए.चं वजन हाय, नीट बघा."

जयू त्यांचा एकुलता एक मुलगा. हसरा, हुशार. दुकानाच्याच अर्ध्या भागात त्याने काच लावून मॅगव्हीलचं शोरूम केलं. मी तोपर्यंत शिक्षक झालो होतो, पण सुट्टीच्या दिवशी अजून दुकानावर जायचो. बापलेकांचं रोज वाजायचं.

"बाबा, गिऱ्हाइकाला फोटो काढायचा असतो. तुम्ही आत चार माणसं कोंबता."

"फोटो झाल्यावर गाडी घरी ठेवतो काय तो?"

जयूने स्वतःची गाडी घेतली, खाली बसवली आणि अठरा इंची व्हील आणली. टायर त्याने निवडला तो चाळीसचा. काकांचं म्हणणं पस्तीसचा घे. तुम्हाला सांगतो, या आकड्यात सगळं येतं. व्हील जेवढं मोठं होईल, तेवढी टायरची जाडी कमी व्हायला हवी, म्हणजे एकूण चाक कंपनीने दिलं तेवढंच उंच राहतं. चाळीसचा पस्तीसपेक्षा जाड. त्याने फट छान भरते, पण माणसं बसून गाडी दबली की टायर मडगार्डला घासतो.

"पस्तीसच्याला खड्डा सोसत नाही, बाबा."

"मग सतराचं व्हील घे."

"सतराचं लहान दिसतं."

"कोनाला?"

जयूला हसू आलं, पण त्याने ऐकलं नाही. टायर चढले. काका म्हणाले, "चौघांना बसव."

"या गाडीत मी एकटाच असतो. मागे कोण बसतंय?"

काकी डबा घेऊन उभ्या होत्या. म्हणाल्या, "खरंय, आमाला कुठं बसवतो हा." मी पुस्तक नसतानाही दार उघडायला पुढे झालो होतो. काकांनी जयूकडे पाहिलं. त्याचं शोरूम नुकतं चालायला लागलं होतं, आणि बऱ्याच दिवसांनी दोघं हसून बोलत होते. काका म्हणाले, "असू दे."

मी त्यांच्या तोंडून हे शब्द त्याआधी कधी ऐकले नव्हते.

पावसाळ्यानंतर काकी माहेरी डहाणूकडे गेल्या होत्या. जयू त्यांना आणायला गेला. परतताना मागे काकी आणि त्यांच्या दोन बहिणी, पुढे मामा, डिकीत तांदळाची गोणी आणि सुक्या मासळीची गाठोडी. हायवेवर मागचा उजवा टायर फुटला. गाडी दुभाजकावर गेली. बाकीचे वाचले. काकी उजवीकडे बसल्या होत्या. त्या गेल्या.

दुसऱ्या दिवशी काका आणि मी ती गाडी बघायला गेलो. पोलिसांनी एका मोकळ्या जागेत ओढून ठेवली होती, गवत गुडघ्याएवढं वाढलेलं. काका सवयीने जमिनीवर आडवे झाले. मागच्या मडगार्डखाली हात घातला आणि तसाच ठेवला. कितीतरी वेळ. मग म्हणाले, "हात घाल."

मी घातला. आतला पत्रा एका पट्ट्यात गुळगुळीत झाला होता आणि कडेला धार आली होती. हात बाहेर काढला तर बोटं काळी झाली होती. ते एका दिवसाचं घासणं नव्हतं.

काका उठून बसले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "मास्तर, खिळा होता."

मला कळेना.

"हायवेवर खिळा होता. लांब. टायरमधी शिरला. मी काढला, तू बघितला."

"काका..."

"त्याला जगायचं हाय."

दुकानात, टायरमधून काढलेले खिळे टाकायचा एक डबा होता. परत आल्यावर काकांनी त्यातला एक खिळा निवडला, धोतराच्या कनवटीला लावला आणि घरी जाऊन जयूच्या पुढ्यात ठेवला. "हा निघाला." माणसं भरलेली होती. जयूने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. जयू खिळ्याला हात न लावता "हां बाबा" म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून बसला.

त्यानंतर काका दुकानात यायचे, पण जमिनीवर आडवे झाले नाहीत. कुणाला बसा म्हणाले नाहीत. पोरं यायची, जो आकडा सांगायची तो टायर ते चढवून द्यायचे. एकदा एक जुनं गिऱ्हाईक स्वतःहून म्हणालं, "काका, मित्रांना बसवू का?" काका म्हणाले, "कशाला?" आणि आत गेले. मी तिथे उभा होतो. मला तेव्हा वाटलं, काकींच्या मागोमाग हेही चाललेत.

पुढे ते अर्नाळ्याच्या घरीच राहू लागले. जयू शोरूम बंद करून घरी बसला होता. दोघं एका छताखाली, पण बोलणं नाही. मी फोन केला की काका "हां, हां" म्हणून ठेवून द्यायचे. मग मला पत्र सुचलं. काकांना ते जयूलाच वाचून दाखवावं लागलं असतं. तेवढा वेळ तरी दोघं एकमेकांजवळ बसले असते. आणि खिळ्याचा शब्द तिसऱ्या माणसाच्या अक्षरात आला, तर जयूला आधार होईल, असं मला वाटलं.

यंदा काका गेले. दिवसकार्याला मी अर्नाळ्याला गेलो होतो. सगळे पांगल्यावर जयूने मला मागच्या अंगणात नेलं आणि ते पत्र परत दिलं. घड्यांवर फाटलं होतं.

"दादा, हे ते पुन्हा पुन्हा वाचायला सांगायचे," तो म्हणाला. "खिळ्याचं आलं की माझ्या तोंडाकडे बघायचे. मी न थांबता वाचायचो."

मी पत्राची घडी घातली.

"मला माहीत होतं, दादा. आधीपासून. मागे कोणी बसलं की आवाज यायचा. मी गाणं मोठं करायचो." मग म्हणाला, "त्या दिवशी पण केलं होतं. आई म्हणाली, कसला आवाज येतोय रे. मी म्हटलं, रस्ता खराब आहे."

"काकांपाशी कधी बोलला नाहीस?"

"कसं बोलणार? त्यांनी एवढा खिळा शोधून आणला होता."

हे सगळं लिहू का, असं मी त्याला विचारलं. तो म्हणाला, "लिहा. आता कोणाला लपवायचंय?" तो सध्या वालीवला एका गोदामात कामाला आहे. गाडी चालवत नाही. माझं पत्र माझ्यापाशी आहे. ते असं:

ति. काकांना सा. नमस्कार.

मी इकडे बरा आहे. यंदा मला नववीचा वर्ग आहे. काल मुलांना तो रशियाचा धडा शिकवला आणि तुमचा प्रश्न विचारला, माणसं किती नेली आणि खायला काय नेलं. एक मुलगी म्हणाली, सर, हे पुस्तकात नाही. मी म्हटलं, माझ्या काकांनी विचारलं होतं.

काकींची आठवण येते. डब्यातली आंबट चटणी पुन्हा तशी कुठे मिळाली नाही.

काका, तुम्ही रात्री झोपत नाही असं मामांकडून कळलं. त्या दिवशी रस्त्यावर खिळा होता. मी तुमच्याबरोबर होतो, मी पाहिला. त्यात तुमचा दोष नाही आणि जयूचाही नाही. हे मी कुणापुढेही सांगेन.

जेवत जा. जयूलाही जेवायला जवळ बसवा. तो हे वाचतो आहे, त्याला माझा आशीर्वाद.

जयू, हळू वाचू नकोस. मोठ्याने वाच, आणि वाचून होईपर्यंत जागेवरून उठू नकोस. काकांना आवाज एका जागेवरून आला पाहिजे.

काका, तुम्ही विचारायचं तेवढं राहिलं, म्हणून मीच सांगतो. आहे, काका.

तुमचा,
मास्तर