हजेरीतलं नाव

जुन्या पिशवीतून तंबाखूचा उग्र वास आला की मला बेळगावातल्या कॉलेजचा पहिला दिवस आठवतो. ती पिशवी आप्पांची, निपाणीच्या वखारीत कामाला जाताना ते न्यायचे ती. महिन्यापूर्वीच ते वारले होते आणि मी तीच मांडीवर घेऊन वर्गात बसले होते. मॅडम आडनावानं हजेरी घेत होत्या. “बाळगोंडा!” आप्पांचं, माझ्या वडिलांचं नाव. मी दचकून दाराकडं पाहिलं. मॅडमनी पुन्हा हाक मारली, तशा पोरी हसल्या, “मुलींच्या कॉलेजात बाळगोंडा कोण गं?” मी उठले आणि म्हणाले, “मॅडम, ते न्हाईत.” “मग तू कोण?” मी पुढं टेबलापाशी गेले. त्यांनी यादी दाखवली तेव्हा कळलं. फॉर्म आप्पांनीच भरला होता, आणि इकडच्या, कर्नाटकातल्या रीतीप्रमाणं माझ्या नावापुढं आडनाव न लिहिता स्वतःचं नाव लिहिलं होतं. “आडनाव लावायचं असेल तर अर्ज दे,” मॅडम हळू आवाजात म्हणाल्या. शनिवारी घरी गेल्यावर मी आईला विचारलं, बदलू का? तिनं आप्पांची पिशवी जवळ ओढली. मग म्हणाली, “ऱ्हाऊ दे गं. मी तर त्येंचं नाव कधी घेतलंच न्हाय. कुणीतरी मोठ्यानं हाक मारू दे.” मी अर्ज दिला नाही. आता बँकेत, दवाखान्यात त्याच नावाचा पुकारा होतो, मी ‘हो’ म्हणत उठते, आणि आपण नक्की कोणाच्या वतीनं उठलो हे मला अजून कळत नाही.