पुस्तकातला चुकलेला टाका

रिठ्याच्या पाण्यातून निथळून निघालेल्या लोकरीला एक ओलसर, उबदार, किंचित मेंढरासारखा गंध येतो. मार्गशीर्षातल्या कोवळ्या उन्हात, सक्करदऱ्याच्या तलावावरून येणारा गार वारा अंगणातल्या दोरीवरच्या लडींना हलकेच झुलवू लागला, की तो गंध घरभर पसरतो आणि माझ्या बोटांना हुरूप चढतो. जुने स्वेटर उसवायचे, लोकर धुवायची आणि पुन्हा विणायला बसायचे, हा माझा दर हिवाळ्याचा उद्योग. यंदा सुयांवर एकदम तीन कामे आहेत. यजमानांचा राखाडी मफलर, ज्याची लांबी काही केल्या त्यांच्या मनास येत नाही. एक मोजा, ज्याचा जोडीदार अजून जन्माला यायचा आहे. आणि शाळेतल्या एका सहकारिणीच्या होणाऱ्या बाळाचे टोपरे. शेजारी ग्रंथालयातून आणलेले हिमालयाचे प्रवासवर्णन पालथे पडले आहे. त्यातली एक खिंड मी गेले आठ दिवस ओलांडते आहे. मध्येच मोज्याची टाच आली, म्हणून बिचारे यात्रेकरू अजून बर्फातच उभे आहेत! एका हाताने विणू पाहणाऱ्या आणि दुसऱ्याने पाने उलटू पाहणाऱ्या बाईच्या सोबतीला जो येईल, त्याला एवढे सोसायलाच हवे, नाही का?

पुस्तकांची अशी थट्टा पूर्वी मला जमली नसती. मुलींच्या शाळेत अठरा वर्षे मराठी शिकवणारी बाई मी. छापील अक्षर म्हणजे माझ्या लेखी देव्हाऱ्यातले अक्षर. हातून पुस्तक खाली पडले तर मी अजूनही ते कपाळाला लावते. त्या भाबड्या भक्तीला पहिला सुखद धक्का दिला तो अनसाबाईंनी, गेल्या हिवाळ्यात.

अनसाबाई आमच्या शेजारच्या. कुहीकडच्या एका खेड्यात सारे आयुष्य धानाच्या शेतीत गेलेले. यजमान वारल्यावर शेत धाकट्या दिराच्या हवाली करून त्या नागपुरात मुलाकडे राहायला आल्या. वय पन्नाशी उलटलेले, कपाळ उंच, आवाज शेताच्या एका टोकावरून दुसऱ्या टोकापर्यंत पोचावा असा. मुलगा आणि सून दोघेही कचेरीत जात. आणि अनसाबाई ओट्यावर बसून आपल्याच रिकाम्या हातांकडे, ते कुणा दुसऱ्याचे असावेत तशा, पाहत राहत. एके दिवशी कुंपणापाशी येऊन म्हणाल्या, "हाताले काम पाहिजे वं बाई. हे सुयांचं मले दाखवा." मी दाखवले. आठ दिवसांत त्या सुलट-उलट टाके घालू लागल्या आणि महिन्याभरात त्यांची वीण माझ्याहून सुबक येऊ लागली! अक्षर मात्र एकही येत नव्हते. नमुना मी वाचून दाखवायचा आणि त्यांनी तो एकदा ऐकून बोटांत साठवायचा, असा आमचा क्रम ठरला.

त्याच सुमारास मी एक धाडस केले होते. आयुष्यात पहिल्यांदाच, स्वतःसाठी, नव्याकोऱ्या मोरपिशी लोकरीचा स्वेटर विणायला घेतला होता. नमुना एका स्त्रियांच्या मासिकातला, पानापानांच्या जाळीदार नक्षीचा. पहिल्या सहा ओळी सुरळीत गेल्या. सातवी संपवून टाके मोजले, तर शहाण्णवाचे चौऱ्याऐंशी! बारा टाके गेले कुठे? मी उसवले. पुन्हा विणले. पुन्हा चौऱ्याऐंशी. चष्म्याचा नंबर वाढला असावा, म्हणून खिडकीपाशी बसले; लक्ष विचलित होते, म्हणून रेडिओ बंद केला. चौथ्यांदा उसवताना मात्र डोळ्यांत पाणी उभे राहिले. सगळ्यांसाठी विणताना न अडखळलेले हे हात स्वतःसाठी विणतानाच का अडखळावेत? हा हट्टच अपराधी असेल काय? असले काहीबाही मनात येऊ लागले.

"काहून पुन्हा उसवून राहिल्या वं बाई?" अनसाबाईंनी कुंपणावरून विचारले. मी सारे सांगितले. त्या येऊन शेजारी टेकल्या आणि म्हणाल्या, "वाचा बरं ते सातवी ओळ. हळू वाचा."

मी वाचली. त्यांनी डोळे मिटून, सुया हातात नसतानाही बोटे हलवत ऐकली. पुन्हा वाचायला लावली. मग डोळे उघडून शांतपणे म्हणाल्या, "तुमचं नाई चुकलं. पुस्तकाचं चुकलं."

मी हसले. छापलेला नमुना कसा चुकेल? पण त्या समजावू लागल्या, "दोन टाके एकत्र केले म्हनजे एक खाल्ला. धागा पुढं घेतला म्हनजे एक देल्ला. या ओळीत दर पानामागं दोनदा खाल्लं अन् एकदाच देल्लं. मंग टाके पुरतीन कुठून?"

बारा पाने, बारा टाके! मी मासिकाकडे पाहतच राहिले. चार वेळा उसवले, स्वतःला बोल लावला, चष्म्यावर संशय घेतला. पण त्या पानावर बोट ठेवायचे एकदाही सुचले नव्हते. एका न वाचणाऱ्या बाईने ते ठेवले होते. दर पानामागे एक धागा जास्त घेऊन विणले, तसे शहाण्णवच्या शहाण्णव टाके सुईवर निमूट येऊन बसले.

मला वाटले, गोष्ट इथे संपली. ती तिथे सुरू झाली. दुसऱ्या दिवशी दुपारी अनसाबाई पाटी घेऊन दारात उभ्या! "मले वाचाले शिकवा," त्या म्हणाल्या. "इतकी वर्सं मले वाटे, पुस्तकवाले कधी चुकतच नसतीन. म्हून भेवानं मी त्याईच्या वाटेले गेली नाई. चुकते म्हनजे आपल्यासारखेच मानसं हायेत ते."

शिकण्याची याहून सुंदर प्रेरणा मी अठरा वर्षांत एकाही विद्यार्थिनीकडून ऐकली नव्हती! त्यांची पहिली अक्षरे 'ग' आणि 'भ' नव्हती. ती होती 'सु' आणि 'उ', कारण नमुन्यांत सुलट आणि उलट टाके तसे लिहितात. जोडाक्षरांपाशी माझ्या वर्गातल्या मुली हमखास अडतात, म्हणून मी जपून त्या विषयाकडे वळले; पण 'त्र' पाहताच त्या म्हणाल्या, "हे तं सोपं हाय. दोन टाके एकत्र!" आणि खळखळून हसल्या. पौष सरेपर्यंत त्या ओळीखाली बोट फिरवत सबंध वाक्य वाचू लागल्या होत्या.

मग त्यांनी मासिकाला पत्र लिहायचे ठरवले. मुलगा संकोचला. तो वाईट नव्हता. आईची कुणी टर उडवू नये, एवढेच त्याच्या मनात. "माय, छापलेलं कधी चुकते का वं? लोकं हासतीन आपल्याले," तो म्हणाला. "हासू दे," अनसाबाई म्हणाल्या, "पन दुसरी एखादी बाई तिकडं रडत उसवत बसली असन, तिचं काय?" मी खाली मान घालून टाके मोजू लागले. ती रडत उसवणारी बाई कोण, हे आम्हां दोघींनाच ठाऊक होते. तीन कार्डे खराब झाली, चौथे साधले. ओळी उताराला लागलेल्या, पण मजकूर चोख. आणि खाली, मी दोनदा गिरवून घेतलेली सही: अनसूया.

उत्तराची वाट पाहता पाहता आम्ही एक कादंबरी वाचायला घेतली. खेड्यातल्या जीवनाची, मला अतिशय आवडलेली. तिच्यातले धानाच्या कापणीचे वर्णन तर मी वर्गात वाचून दाखवत असे: सोनेरी लोंब्या, गुडघाभर पाणी आणि त्यात उभा राहून विळा चालवणारा नायक. अनसाबाईंनी ते पान अडखळत वाचले, थांबल्या आणि म्हणाल्या, "कापनीच्या वक्ती बांधीत पानी? काहून? मासे धरून राहिला का तो?" कापणीआधी धानाच्या बांधीतले, म्हणजे खाचरातले, पाणी काढून जमीन वाळू देतात, हे त्यांनी मला सांगितले. इतकी वर्षे मी ज्या पाण्यात भावविभोर होऊन उभी होते, ते पाणी तिथे नव्हतेच! मी हसता हसता ओशाळले.

पण पुढच्याच प्रकरणात नायकाची आई सासरी निघालेल्या मुलीची पेटी भरते. भरलेली पेटी पुन्हा उघडते, लुगड्यांच्या घड्या उगाच मोडते आणि पुन्हा घालते. तेथे अनसाबाईंचे बोट थबकले. मग पदराने डोळे टिपून म्हणाल्या, "हे मात्र खरं लिवलं. धान नाई समजत त्याले, पन माय समजते." ग्रंथ डोक्यावर घेणाऱ्या मला ग्रंथ मांडीवर घ्यायला कुणी शिकवले असेल, तर ते या वाक्याने. ज्याच्यावर रागावता येते आणि मग ज्याला क्षमाही करता येते, तेच तर आपले माणूस! मग पुस्तक त्याला अपवाद का असावे?

चैत्र संपत आला. सुया आणि लोकर पेटीत गेली, खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या लागल्या. मोरपिशी स्वेटर पुरा झाला होता. पण नागपूरच्या उन्हाळ्यात तो नुसता कपाटातून काढून पाहायचा, आणि मी तो रोज पाहत होते. अशाच एका तापलेल्या दुपारी पोस्टमनने मासिकाचा नवा अंक टाकला. शेवटच्या पानावर, एका चौकटीत, सातव्या ओळीची दुरुस्ती छापली होती आणि खाली चूक कळवणाऱ्या नागपूरच्या भगिनींचे नाव घालून आभार मानले होते. मी अनवाणीच, भाजणाऱ्या फरशीवरून धावत शेजारी गेले. मुलगा आणि सून रजा घेऊन घरीच होते. मुलाने ते वाचले, एकदा आईकडे पाहिले आणि अंक तिच्या हातात दिला.

अनसाबाई खिडकीपाशी बसल्या. बोट ओळीखालून सावकाश सरकू लागले. मला ते अंधुकच दिसत होते. माझे डोळे भरून आले होते. बोट नावापाशी आले, थांबले, एक अक्षर मागे गेले, पुन्हा थांबले.

"बाई," त्या म्हणाल्या, "यात बी चुकलं. उकार पहिला देल्ला. माझा दुसरा हाय."

खरेच! 'सू'चा 'सु' झाला होता आणि मराठीच्या मास्तरणीला ते दिसले नव्हते. मुलगा लगेच उठला आणि कोरे कार्ड शोधू लागला. पण अनसाबाई त्या छापील नावावरून हात फिरवत इतक्या मनमुराद हसत होत्या, की ताटीवर पाणी मारायला निघालेली सून तांब्या घेऊन तशीच उभी राहिली.

"राहू दे रे," त्या म्हणाल्या, "त्या बिचाऱ्याले कोनी शिकवलं नसन."