कुंकवाखालचं अक्षर

तुमच्या मशीनवर काय लिहिलंय, ते तुम्हाला वाचता येतं का?

झेंडूचा वास आला की शिरूरजवळच्या कारखान्यातली खंडेनवमीची मशीनपूजा आठवते. पत्रा दाबणाऱ्या प्रेस-मशीनवरच्या 危 या चिनी अक्षरावर मी कुंकवानं स्वस्तिक काढत होते.

"त्यांचा देव हाय व्हय गं?" माझ्याच पाळीतले, दौंडचे सलीममामा हसले.

"कंपनीचं नाव असंल, मामा."

दसऱ्यानंतरच्या पहिल्याच पाळीत त्या प्रेसखाली मामांची दोन बोटं गेली.

ते अक्षर म्हणजे मुळात कड्याच्या टोकावरच्या माणसाचं चित्र, हे फार उशिरा कळलं. चीनमध्ये 'वेइ', जपानमध्ये 'कि', कोरियात 'वि'. अर्थ सगळीकडे एकच, धोका. स्वस्तिक नसतं तरी आम्हाला तो वाचता आला नसता, ही चीड अजून स्वस्थ बसू देत नाही.

यंदा कुंकू लावण्याआधी अर्थ विचारा; तो मराठीत लिहून मिळेपर्यंत बटण दाबू नका.