सुमंतरावांचा चुकलेला मंगळवार

इथे उत्तरेत, आमच्या दुर्गाघाटच्या मराठी गल्लीत कुणाला रजा हवी असली, तर तो साहेबाआधी सुमंतरावांना गाठतो. सरकारी सुट्ट्यांची यादी निघाली की या माणसाच्या अंगात येतं. "शुक्रवारची सुट्टी आहे, सोमवारी एक रजा टाका, चार दिवस मोकळे!" ईदला जोडून कुणी बाहेरगावचं तिकीट काढायला निघालं तर वर दटावतात, "चांद दिसल्याशिवाय भरवसा नाही, एक दिवस हाताशी ठेवा." पाटबंधारे खात्यात तीस वर्षं कारकुनी करताहेत, पण मान मिळाला तो यातच. मी समोर राहते, नंदा. मला त्यांच्या या मिजाशीचा कधीकधी रागही यायचा.

त्यांची बायको सुनीती माझी मैत्रीण. दोन वर्षांपूर्वी गेली. दवाखान्यात असताना तिनं नवऱ्याकडून एकच कबूल करून घेतलं होतं, की अंतराची पहिली मंगळागौर माहेरी व्हायला हवी.

अंतरा त्यांची एकुलती एक. बेंगळुरूला नोकरी, फेब्रुवारीत लग्न झालं. जावई शार्दूल सप्टेंबरात जर्मनीला निघाला होता, तिलाही बरोबर जायचं होतं. दहा ऑगस्टला राजीनामा द्यायचा, आणि राजीनाम्यानंतर नोटीसच्या महिन्यात तिच्या कंपनीत रजा नाही. म्हणजे काय ते त्याआधीच. सुमंतरावांनी मे महिन्यातच सगळं जुळवलं. शनिवार-रविवार धरून सोमवार-मंगळवार दोनच रजा. मंगळवार, चार ऑगस्ट, सावनचा पहिला मंगळवार. विमानाची तिकिटंही काढून ठेवली. कुणाला विचारलं नाही. सुट्टीच्या बाबतीत ते कुणाला विचारणार?

जुलैच्या शेवटी मोठ्या रुबाबात माझ्याकडे आले. "नंदाताई, चार तारखेला मंगळागौर आहे. नव्या लग्नाच्या चार-पाच मुली बघून ठेवा. फुलं-पत्री मी आणतो."

मी बोटं मोजली. पुन्हा मोजली.

"सुमंतराव, चार तारखेला आपला आषाढच आहे."

"असं कसं? परवापासून सावन लागतोय. सगळं शहर शंकराला कावडीनं पाणी घालायला आलेल्या काँवडियांनी भरलंय."

"तो इथल्या लोकांचा सावन. त्यांचा महिना पौर्णिमेला बदलतो, आपला अमावास्येला. आपला श्रावण तेरा तारखेला लागतो. पहिला मंगळवार अठराला."

ही गोष्ट इथल्या आम्हा मराठी बायकांची झोपेतही चुकत नाही. पण त्यांच्या घरी ती सुनीतीच्या डोक्यात होती. सुमंतराव सकाळी ऑफिसला जाताना तिला विचारायचे, "आज काय आहे?" ती सांगायची, "आज उपास," आणि ते डबा न घेता निघायचे. तीस वर्षं असंच चाललं.

ते ओट्यावर बसले. तिथूनच अंतराला फोन लावला.

"बाबा, अठराला नाही जमणार. एचआरनं लिहून दिलंय, नोटीस में एक भी छुट्टी नहीं." मग म्हणाली, "मी चारलाच येते. तिकीट तो है ना."

ती आली. आईची हिरवी साडी बॅगेत घेऊन आली. मंगळवारी सकाळी ती साडी हातात धरून माझ्या दारात उभी राहिली. "मावशी, आपण आजच करून घेतली तर? देवीला कौन बताएगा?"

मी नाही म्हटलं. आषाढात मंगळागौर कशी मांडायची? गल्लीतल्या बायकाही आल्या नसत्या. ती साडी घेऊन घरी गेली आणि दुपारच्या विमानानं परत फिरली. तेव्हापासून मला धड जेवण जात नाही. पूजा मांडली असती तर कुणाचं काय बिघडलं असतं, हे मला अजून कळलेलं नाही.

अठरा तारखेला पलीकडच्या घरी नव्या सुनेची मंगळागौर होती. तिथला प्रसाद घेऊन मी सुमंतरावांकडे गेले. वाटलं, ऑफिसात असतील, कडीला पिशवी अडकवून येऊ. तर दार उघडंच. धुतलेलं धोतर नेसून हे जमिनीवर बसलेले, समोर काही नाही.

"आज रजा?"

"टाकली होती. म्हटलं, पोरीला ऐन वेळी सुटता आलंच तर घरी कुणी असावं."

"मग ती येत नाही म्हटल्यावर रद्द करायची."

"आणि रद्द का केली ते ऑफिसात काय सांगू, ताई? सगळ्यांच्या सुट्ट्या लावून देणाऱ्याला स्वतःच्या घरचा श्रावण माहीत नव्हता?" त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं. "सुनीती होती तोवर मला माहीत असायची गरजच पडली नाही हो."

आणि ते लहान मुलासारखे रडायला लागले. मी प्रसाद हातात धरून तशीच उभी राहिले.