अळ्यांच्या तोंडचा कूट

लिहायची लाज वाटते, पण लिहितेच.

पोरीला सासूकडं टाकायची नि रानशेतहून धावतपळत गाडी पकडायची. डहाणूला शेतीच्या लॅबमध्ये कामाला होते. सातवी शिकलेली मी, लॅब म्हटलं तरी बिचकायचे. काम मात्र घरच्यासारखं. ट्रेमधल्या अळ्यांना बाजरीचा भरडा घालायचा, त्यात शेंगदाण्याचा कूट कालवायचा. अळ्यांचे पतंग होतात, पतंगांची अंडी कार्डावर चिकटवायची. मग टिपक्याएवढ्या गांधीलमाश्या त्या अंड्यांत आपली अंडी घालतात, त्यांची पिल्लं आतलं खाऊन वाढतात. कार्डं भाताला बांधली की माश्या बाहेर पडून खोडकिड्याची अंडी संपवतात.

तेव्हाच अंगणवाडीत माझी पोर वजनाला कमी भरली. ताई म्हणाल्या, "शेंगदाण्याचा कूट दे, गूळ दे." घरी कुठला कूट? लॅबमध्ये डबाभर. रोज मूठभर पदराला बांधायला लागले. अळ्यांना नुसता भरडा. अळ्याच त्या, त्यांना काय कळतंय!

दोनेक महिन्यांनी लॅबच्या मॅडमनी आम्हाला हाक मारली. काचेच्या नळीत माश्या नुसत्या चालत होत्या, उडेनात. भिंगातून बघितलं तर काहींचे पंख चुरगळलेले.

"अळीला खाणं कमी पडलं की तिच्या पतंगाचं अंडं बारीक, नि त्यातली माशी अशी. मावशी, मापात चुकताय तुम्ही!"

मावशी म्हणजे माझ्या जोडीची म्हातारी. ती म्हणाली, "बाई, डोळे गेलेत माझे, हात नाय गेले."

मी ट्रे पुसायला लागले. तसलीच कार्डं तलासरीला, माझ्या माहेरच्या गावाला गेली होती. आईनं स्वतःच्या हातानं बांधली असतील.

जेवणाच्या सुट्टीत मावशीनं भाकरीचं फडकं सोडलंच नाही, पाठ करून बसली. ते बघवेना. मॅडमच्या टेबलापाशी गेले नि एका दमात सगळं बोलले, पदराची गाठसुद्धा सोडून दाखवली.

मॅडमनी कुटाकडं बघितलं. "पोरीचं मला सांगायचंस गं. तुला तोंड आहे. त्या अळ्यांना नाही."

कामावरून काढलं नाही. काढलं असतं तर बरं, असं वाटलं.

मावशी बाहेर म्हणाली, "चोरायचंच होतं तर मला सांगायचं, मी दारात उभी राहिले असते." हसली ती. मला हसू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी ट्रेमध्ये कूट जास्तच घातला. मावशीनं हात धरला, "पुरे गं, बुरशी धरेल." मग मापानं घातला. तिच्यासमोर.