गेनूभाऊंच्या जीपचं दुखणं

कचेरीत सारी नोकरी काढली, पण सांगण्यासारखे किस्से जमले चार. निवृत्तीनंतर आळेफाट्याजवळ सोपान मिस्त्रींच्या गॅरेजबाहेरच्या बाकावर बसू लागलो तेव्हापासून किस्से संपेनात; आता घरी तोंड उघडलं की बायको मिक्सर लावते. म्हणून इथे लिहितो.

निम्मे किस्से एकाच गाडीचे आहेत. मढ गावाच्या वर डोंगरात गेनूभाऊंची वाडी आहे. पावसाळ्यात तिथे त्यांच्या जुन्या फोर-व्हील जीपशिवाय दुसरं काही चढत नाही. बाळंतीण असो की गॅसचं सिलिंडर, जायचं तिच्यातूनच. ही जीप आरटीओच्या तपासणीत दोनदा नापास झाली होती. खालून तेल गळायचं, आणि गिअर टाकून गाडी हलली की मागे खट्ट वाजायचं. गेनूभाऊंच्या पुण्यातल्या मुलाने त्यांना फोनवर बजावलं, "आबा, आता नापास झाली तर मी भंगारवाल्याला घेऊनच येतो." तिसऱ्या तपासणीला महिना उरला होता.

*

मिस्त्रींची पद्धत जुनी. गाडीखाली पुठ्ठा सरकवायचा, सकाळी थेंब बोटावर घ्यायचा, चोळायचा, हुंगायचा. काळं ते इंजिनाचं, घट्ट आणि उग्र वासाचं ते गिअरचं.

एके सकाळी पुठ्ठ्यावर तांबूस थेंब निघाला. मिस्त्रींनी बराच वेळ बोट नाकाशी धरलं. आम्ही बाकावरचे पुढे वाकलो.

"शेंगतेल," मिस्त्री म्हणाले. "लसूण जरा जास्त पडलाय."

मागच्या सीटखाली गेनूभाऊंचा चटणीचा डबा कलंडला होता. त्यांनी लगेच घरी फोन लावला. हौसावहिनींनी कबूल केलं की लसूण जास्त पडला खरा. त्या दिवसापासून मिस्त्रींच्या नाकावर कोणी शंका घेतली नाही.

इंजिनाचं तेल मात्र गळतच होतं. ते अडवणारं सील आधीच दोनदा बदललं होतं.

*

मग खट्ट आवाज. बाकावर त्याची सुनावणी झाली. कोणी म्हणालं मागच्या चाकांचा क्राऊन गेला, कोणी म्हणालं गिअरबॉक्स. मी सरकारी माणूस, मी म्हणालो थोडं थांबून बघू.

मिस्त्री गाडीखाली शिरले. गाडी न्यूट्रल केली, मागच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट दोन्ही हातांनी धरून पिळला. जोडावर खडूची रेघ मारली होती, ती पिळल्यावर दुभंगली.

"क्रॉसमधे प्ले हाय. जोड ढिला झालाय."

नवा क्रॉस बसला. आता शाफ्ट कितीही पिळा, रेघ सरळ. मिस्त्री हात पुसत म्हणाले, "आता आवाज आला तर गॅरेज बंद करून शेळ्या राखीन."

गेनूभाऊंनी गिअर टाकून गाडी हलवली. खट्ट.

बाकावरचे ठाकरवाडीचे म्हातारबा म्हणाले, "मिस्त्री, माझ्याकडं दोन गाभण हायेत. सांगा कदी आणू."

*

दुसऱ्या दिवशी चाचणीला मी मागे बसलो. गाडी हलली तसा सीटखालून एक धोंडा घरंगळला आणि माझ्या घोट्यावर येऊन थांबला. खट्ट.

"गेनूभाऊ, हे काय?"

"टायरमागं लावायचा दगड. घराम्होरं चढ हाय ना, भाऊसाहेब. हँडब्रेकवर आपला इस्वास न्हाई."

धोंडा उतरवला. आवाज गेला. मिस्त्रींच्या शेळ्याही रद्द झाल्या.

*

एक कागद सापडला की त्याला जोडलेला दुसरा शोधायचा, ही कारकुनाची खोड. घोटा चोळत मी विचारलं, "मग तेल कुठं मोजता?"

"घरीच की. रोज सकाळी. तोंड वर करून हुबी असती. रोज कमीच दाखवतं, मग घालतो थोडं."

मिस्त्रींच्या हातातला पाना खाली आला. गॅरेजच्या सपाट फरशीवर त्यांनी तेलाची पट्टी ओढून काढली. खूण तर बुडालीच होती, तिच्यावर चार बोटं तेल होतं.

"अवो, तोंड वर केल्यावर तेल जाणार मागं. पट्टी हाय पुढं. ती कमीच दाखवणार. तुमी वतत बसलाय, आन ते सील ढकलून भायेर येतंय."

म्हणजे दोन सील विनाकारण बडतर्फ झाली होती. मला उगाच कचेरीची आठवण आली.

जादा तेल काढलं, तिसरं सील बसवलं. आठ दिवस पुठ्ठा कोरा. मिस्त्रींनी तो भिंतीवर खिळा मारून लावला आणि गेनूभाऊंना तंबी दिली, "ही गाडी परत चढाला लावली तर माझ्याकडं आणू नका."

*

तपासणीचे साहेब टॉर्च घेऊन जीपखाली वाकले. इंजिनाखाली हात फिरवला, बोटं पाहिली. नुसती धूळ. पुढे-मागे घेऊन पाहिली. आवाज नाही. त्यांनी जुना शेरा पुन्हा वाचला.

"इंजिन बदललं का हो?"

"न्हाई साहेब," गेनूभाऊ म्हणाले. "अंगण बदललं."

साहेबांनी कागदावर शिक्का मारला. जीप पास झाली.

*

गेनूभाऊंनी खरंच चार दिवस कुदळ चालवून घरापुढचा चढ तासून सपाट केला होता. पास झालेल्या जीपला झेंडूचा हार घालून मी आणि मिस्त्री त्यांच्याबरोबर वाडीवर गेलो. गेनूभाऊ वळणापासूनच हॉर्न वाजवत होते.

अंगणात या कडेपासून त्या कडेपर्यंत हिरडा वाळत घातला होता. मधोमध हौसावहिनी कोंबड्या हाकायची काठी घेऊन बसल्या होत्या.

"पास झाली का?"

"झाली."

"बरं झालं. तिकडं पल्याडच्या चढाला लावा."

गेनूभाऊंनी मिस्त्रींकडे पाहिलं. मिस्त्री खाली बसले, जमिनीला डोळा लावून पाहिलं आणि म्हणाले, "वहिनी, जागा मातर एकदम लेव्हलात हाय."

गेनूभाऊंनी गिअर टाकला आणि जीप तोंड वर करून चढाला लावली.

वहिनींनी एक कोंबडी हाकलली आणि माझ्याकडे वळल्या.

"बारा वर्सं सांगत व्हते, हिरड्याला सपाट जागा करा. गाडीचा पायगुण लई चांगला, भाऊसाहेब."